रेव्हरंड नारायण वामन टिळक: खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांचे ग्रंथकार

ग्रंथकार म्हटला म्हणजे शहरात राहणारा, विद्वानांकरिता लिहिणारा आणि छापखान्याच्या आसपास वावरणारा पुरुष, असे चित्र आपल्या मनापुढे उभे राहते. खेड्यातील शेतकऱ्याचा व मजुराचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांस वाटते. तथापि आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांस एक ग्रंथकार असा लाभला की, ज्यांस अक्षरओळखही नाही अशा म्हाताऱ्या आयाबायांच्या तोंडी त्यांचे लिहिणे बसले आहे. शब्बाथाच्या उपासनेत, लग्नाच्या मांडवात आणि शोकाच्या घरी आपण जी गीते म्हणतो, त्यांपैकी कित्येक त्यांच्या लेखणीतून उतरली. ती कोणी लिहिली, कोणत्या स्थितीत लिहिली आणि त्यांपायी त्यांस व त्यांच्या घरच्यांस काय सोसावे लागले, हे मात्र गाणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असते. यास्तव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. उपदेशक बंधूंनी ते रात्रीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे बरे. टिळक हे नाव ऐकताच पुष्कळांस लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे स्मरण होते. दोघेही कोकणातील ब्राह्मण घराण्यांत जन्मले, दोघेही संस्कृतज्ञ होते आणि दोघांचेही स्वदेशावर उत्कट प्रेम होते. परंतु त्यांची आयुष्ये निरनिराळ्या वाटांनी गेली. आम्ही येथे ज्यांच्याविषयी लिहीत आहो ते ख्रिस्ती कवी टिळक होत.

जन्म व बालपण

नारायणराव टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव स्वभावाने अत्यंत कडक असत. आई जानकीबाई मायाळू व भाविक होती, आणि मुलाच्या अंगी कवितेची गोडी उतरली ती बहुधा तिच्याकडूनच. परंतु नारायणराव लहान असतानाच ती मरण पावली. मायेचे छत्र गेल्यावर घरात त्यांचे मन रमेना. वडिलांच्या रागास कंटाळून त्यांनी घर सोडले आणि ते नाशिकास आले.

नाशिकास गणेशशास्त्री लेले या थोर पंडितांपाशी त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र पुरे झाले नाही. त्यांची बुद्धी तीक्ष्ण होती, स्मरणशक्ती दांडगी होती, आणि उभ्या उभ्या श्लोक रचण्याची हातोटी त्यांस लहानपणीच साधली होती. पुढे नाशिकाजवळच्या जलालपूर गावच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेविले. त्या वेळी नारायणराव अठरा-एकोणीस वर्षांचे होते, आणि मुलगी अवघ्या अकरा-बारा वर्षांची होती. याच लक्ष्मीबाई. या चरित्राचा शेवट त्यांच्याच हातून होणार होता.

भटकंतीची वर्षे

लग्न झाले तरी टिळकांचे पाऊल एके ठिकाणी ठरले नाही. कोठे शाळामास्तर, कोठे कीर्तनकार, कोठे पुराण सांगणारे, कोठे ग्रंथ तपासणारे, असे नाना उद्योग त्यांनी केले. एका गावी बिऱ्हाड मांडावे आणि थोड्या दिवसांनी काही न सांगता निघून जावे, असे पुष्कळ वेळा घडे. हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या गरजेला देऊन टाकावा आणि घरी चूल पेटविण्याची पंचाईत व्हावी, असेही होई. चरित्रनायकाचे दोष झाकणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. आणि पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच हे सारे हसत हसत पण स्पष्टपणे लिहून ठेविले आहे.

या भटकंतीत लौकिक तोटा पुष्कळ झाला, पण एक लाभही झाला. महाराष्ट्रातील नाना जातींचे व नाना गावांचे बोलणे टिळकांच्या कानी पडले. कीर्तनकार देवळात उभा राहिला म्हणजे समोर विद्वान व अडाणी दोघेही बसतात, आणि दोघांसही धरून ठेवावे लागते. ही विद्या त्यांनी पुस्तकांतून घेतली नाही. ती लोकांपुढे उभे राहून घेतली.

१८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांनी संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी त्यांस आश्रय दिला. आपल्या देशातील जातिभेद आणि दीनदुबळ्यांची दैना पाहून त्यांचे अंतःकरण पोळत असे. सर्वांस एकत्र बांधील व नीतीचे बळ देईल असा धर्म कोणता, याचा शोध त्यांचे मन त्या दिवसांत करीत होते.

आगगाडीतील भेट

१८९३ मध्ये टिळक नोकरीनिमित्त राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ त्यांच्याशेजारी होता. काव्याविषयी बोलणे निघाले, त्यातून धर्माचा विषय आला, आणि उतरण्याच्या वेळी त्या गृहस्थाने त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली. आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. ते बोलणे टिळकांस त्या वेळी विचित्र वाटले. त्या गृहस्थाचे नाव त्यांस पुढेही कधी कळले नाही.

दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथून त्यांस उठवेना. ज्या प्रश्नांनी त्यांचे मन वर्षानुवर्षे व्याकूळ केले होते, त्यांची उत्तरे त्यांस तेथे मिळू लागली. पुढे मिशनरी लोकांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडीतील त्या भेटीला तेव्हा दोन वर्षेच होत आली होती.

आमच्या उपदेशक बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. त्या अनोळखी मनुष्याने एक लहानसे पुस्तक दिले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे त्यास बहुधा कधीच कळले नसेल. बाजाराच्या दिवशी पाटीवर शुभवर्तमाने मांडून बसणाऱ्या आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतलो असे समजून खिन्न होणाऱ्या बंधूंस आम्ही या गोष्टीची आठवण देतो.

घराची फाटाफूट

बाप्तिस्म्याची वार्ता सासरी-माहेरी पोहोचली तेव्हा हाहाकार उडाला. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत विलक्षण कडक, आणि त्याच वातावरणात त्या वाढलेल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? चार वर्षांहून अधिक काळ पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरास, दिवस कंठीत होत्या. टिळक अहमदनगरास राहून तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते आणि पत्रे पाठवीत होते. आपला मार्ग त्यांनी सोडला नाही. पत्नीवर जुलूमही केला नाही.

अखेर लक्ष्मीबाई मुलास घेऊन त्यांजकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी मात्र नव्हे. आरंभी त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, सोवळे निराळे. परंतु मनात विचारांची घुसळण चालूच होती. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न एके दिवशी त्यांच्या मनात उभा राहिला, आणि त्या माणसांनीच केल्या, असे त्यांच्या मनाने निःशंकपणे ठरविले. मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्यांस अडचण उरली नाही. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्याच सुमारास महाराष्ट्रात दुष्काळ व प्लेग यांनी कहर मांडला होता, आणि या दाम्पत्याने आपल्या घरात अनाथ मुलांस थारा दिला. जी स्त्री पूर्वी दुसऱ्याची सावली टाळी, तिच्या चुलीवर आता कोणाच्याही लेकरांसाठी भाकरी भाजली जाऊ लागली.

मंडळीची भाषा

आता टिळकांच्या मुख्य कार्याकडे वळू. ते अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास आले, तेव्हा त्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांतील बहुतेक लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. पोथीस हात लावण्याचा अधिकार ज्यांस शतकानुशतके कोणी दिला नव्हता, अशा या लोकांस आता देवाचे वचन ऐकावयास व शिकावयास मिळत होते. परंतु उपासनेत त्यांस जी गीते म्हणावी लागत, त्यांपैकी पुष्कळ इंग्रजी गीतांची भाषांतरे असून चालीही परदेशी होत्या. अर्थ उत्तम, पण शब्द अडखळत. आणि चाल तोंडी बसेपर्यंत वर्ष निघून जाई. देशी चालींवर गीते रचण्याचा व ख्रिस्ती कीर्तनाचा उपक्रम कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगर भागात पूर्वीच केला होता. टिळकांनी त्या पायवाटेचा राजमार्ग केला.

त्यांच्या ध्यानी एक साधी गोष्ट आली होती. महाराष्ट्रातील बाई पहाटे जात्यावर बसली की ओवी म्हणते. वारकरी चालू लागला की अभंग म्हणतो. ज्ञानोबा-तुकोबांची वाणी खेड्यात शिरली ती याच वाटांनी, आणि ती शिरण्यास कोणालाही शाळेत जावे लागले नाही. मग प्रभु येशूची स्तुती याच वाटांनी का जाऊ नये? तुकारामबोवांविषयी टिळकांस अतिशय आदर होता. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो, अशा अर्थाचे ते बोलत असत.

म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, पदे लिहिली. त्यांत शब्द घरचे, उपमा शेताच्या व घरसंसाराच्या, आणि प्रभूला हाक मारण्याची रीत लेकराने आईस हाक मारावी अशी. आपल्या गीतसंग्रहांत त्यांची गीते शंभराहून पुष्कळ अधिक आहेत. धर्मशिक्षणाच्या शाळेत ते शिकवीत असल्यामुळे उपदेशक होऊ पाहणारे तरुण त्यांच्या हाताखाली येत. हे तरुण शिक्षण पुरे करून टाळ व डफ घेऊन आपापल्या गावी जात, आणि त्यांच्याबरोबर गीतही जाई. एकाने म्हटले, दहांनी ऐकले. दहांच्या मुलाबाळांनी ते उचलले. पुस्तक एका गावी एकच असे, परंतु ते घरोघर पाठ असे. ग्रंथ वाटण्याची याहून स्वस्त रीत आमच्या पाहण्यात नाही.

कीर्तनाचाही त्यांनी तसाच उपयोग केला. पूर्वरंगात एखादे तत्त्व मांडावे, उत्तररंगात शास्त्रातील एखादे आख्यान लावावे, मध्ये मध्ये पदे म्हणावी, ही आपल्या लोकांची परिचित पद्धत त्यांनी जशीच्या तशी घेतली. ऐकणाऱ्यास आपण परक्याच्या दारी आलो असे वाटत नसे. १९०४ मध्ये त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. राहुरी येथे त्यांचे पुष्कळ वर्षे वास्तव्य होते, आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांस त्यांचे घर परके नव्हते.

येथे एक शंका कोणी काढील. टिळक मोठे पंडित होते. त्यांनी आपली विद्या अडाणी लोकांसाठी साधी करून खालच्या पायरीवर तर आणली नाही ना? आमचे उत्तर असे की, टिळकांस भारी संस्कृत शब्दांची रचना उत्तम येत होती, आणि जेथे तिचे काम पडे तेथे ते ती करीतही. महाराष्ट्रातील रसिकांनी त्यांस फुलामुलांचे कवी म्हणून गौरविले. त्यांचे वनवासी फूल हे काव्य हिंदू व ख्रिस्ती दोघांनीही आदराने वाचले. निसर्गकवी म्हणून पुढे नावारूपास आलेले बालकवी ठोमरे तरुणपणी काही काळ त्यांच्याच घरी मुलाप्रमाणे राहिले होते. अशा कवीने खेड्यातील मंडळीसाठी लिहिताना शब्द सोपे निवडले, ते त्या मंडळीस कमी लेखून नव्हे. सोपे लिहिणे कठीण असते. उपदेश करणाऱ्या प्रत्येक बंधूस याचा अनुभव आहे.

पत्रकर्ते टिळक

अमेरिकन मराठी मिशनचे ज्ञानोदय हे पत्र १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू झाले. त्याच्या मराठी भागाचे संपादकत्व १९१२ मध्ये टिळकांकडे आले आणि ते मृत्यूपर्यंत त्यांजकडेच होते. पत्र चालविणे हा कवीचा धंदा नव्हे, असे कोणी म्हणेल. कवीस वाटेल तेव्हा लिहावयाचे असते. पत्रकर्त्यास ठरलेल्या दिवशी मजकूर द्यावाच लागतो, मग अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत. टिळकांचा स्वभाव पाहता हे जोखड त्यांनी मानेवर घेतले याचेच आश्चर्य वाटते.

परंतु ज्ञानोदयाच्या द्वारे त्यांस लांबलांबच्या मंडळ्यांशी बोलता येऊ लागले. कविता, उपदेश, समाजाच्या चालीरीतींवर टीका, देशभक्तीचे लेख, असे नाना प्रकारचे लिखाण त्यांनी त्यातून केले. ख्रिस्ती झालेल्या माणसाने आपला देश, आपली भाषा व आपला पोशाख टाकून द्यावा, हे त्यांस मुळीच मान्य नव्हते. आपण हिंदी आहो आणि ख्रिस्ताचे आहो, या दोन गोष्टींत विरोध नाही, असे ते लिहीत. मिशनच्या कारभारावरही प्रसंगी त्यांनी स्पष्ट बोलणे केले, आणि तसे बोलूनही मिशनरी मित्रांवरील त्यांचे प्रेम कमी झाले नाही.

वेतनाचा त्याग

१९१७ मध्ये टिळकांनी एक मोठे पाऊल उचलले. मिशनची नोकरी व तिचे वेतन त्यांनी सोडले. वय छप्पन्नाच्या घरात, प्रकृती खालावत चाललेली. अशा वेळी बहुतेक माणसे हातातली काठी घट्ट धरतात. परंतु परदेशी पैशावर पोसलेला उपदेशक म्हणून लोक आपल्याकडे पाहतात, आणि त्यामुळे ख्रिस्ताचेच बोलणे ऐकावयास ते तयार होत नाहीत, ही गोष्ट त्यांस डाचत होती. आपल्या देशात लोक संन्याशाचे ऐकतात, कारण त्यास कोणाकडून काही घ्यावयाचे नसते. टिळकांनी त्या परंपरेस धरून चालण्याचे ठरविले.

सातारा येथे राहून त्यांनी देवाचा दरबार या नावाने एक बंधुसमाज स्थापिला. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे असे, आणि ज्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले आहे पण बाप्तिस्म्यापर्यंत पाऊल गेलेले नाही असेही, दोन्ही प्रकारचे लोक तेथे एकत्र येऊन ख्रिस्ताचे शिष्य म्हणून राहावेत, असा त्यांचा हेतू होता. या विचारास सर्वांची मान्यता नव्हती. ख्रिस्ती लोकांतील कित्येकांस त्यात धोका दिसला. बाहेरच्यांस तो एक डाव वाटला. पुढे चालविण्यास टिळक फार दिवस राहिले नाहीत, म्हणून दरबारही टिकला नाही. तो विचार योग्य होता की नव्हता, याचा निकाल आम्ही येथे देत नाही. परंतु ज्या लेखकाने गावोगावच्या लोकांस आपले शब्द दिले, त्याने ते शब्द कोणाच्या पगारापोटी लिहिलेले नाहीत हे दाखविण्यासाठी आपली भाकरी पणास लावली, एवढे निश्चित आहे.

अपुरी पोथी

टिळकांच्या मनात एक मोठा ग्रंथ लिहावयाचा होता. जसे रामायण घरोघर वाचले जाते, तसे प्रभु येशूचे चरित्र ओव्यांत बांधलेले असावे, संध्याकाळी समईपुढे कोणी ते वाचावे, आणि वाचता न येणाऱ्यांनी भोवती बसून ऐकावे. त्याचे नाव ख्रिस्तायन. १९०९ मध्ये त्यांनी आरंभ केला. परंतु दहा अध्याय पुरे होऊन अकरावा चालू असता काम थांबले. पत्राचा मजकूर, मंडळीची कामे, पाहुणे, अनाथ मुले आणि ढासळती प्रकृती, यांतून पोथीस वेळ राहिला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्याप्रमाणे करण्यात आले.

पोथी अपुरी राहिली. विद्वान मित्र होते, शिष्य होते, कवी होते. परंतु ती पुरी करण्यास पुढे आल्या लक्ष्मीबाई. वाचकांनी लक्षात आणावे की ही स्त्री कधी शाळेत शिकलेली नव्हती. लिहिण्यावाचण्याची ओळख त्यांस लग्नानंतर पतीच्या सहवासात झाली, तीही अर्धीमुर्धी. वय पन्नाशीच्या पुढे गेलेले. परंतु जात्यावरची ओवी त्यांच्या रक्तात होती, आणि शुभवर्तमान त्यांच्या हृदयात होते. त्यांनी लेखणी हाती घेतली आणि साठांहून अधिक अध्याय रचून ग्रंथ शेवटास नेला. जेथे पंडिताचा हात थांबला, तेथून पुढे जी चालली तीस पंडितांनी कधी विद्यार्थिनी म्हणूनही गणले नसते.

याखेरीज मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणीही लिहिल्या. स्मृतिचित्रे या नावाने त्या १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि मराठीतील उत्तमोत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना होते. टिळकांचे गुण व दोष, दोन्ही आपणास कळतात ते मुख्यतः त्या पुस्तकातून. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये वारल्या. ख्रिस्तायन छापून बाहेर पडले ते १९३८ मध्ये. आरंभापासून एकोणतीस वर्षे लोटली होती, आणि लिहिणाऱ्या दोघांपैकी एकासही तो छापील ग्रंथ हाती धरावयास मिळाला नाही.

आम्ही काय करावे

चरित्र वाचून बाजूस ठेवले तर त्याचा उपयोग थोडा. म्हणून आम्ही उपदेशक बंधूंस व मंडळीतील वडील मंडळीस तीन गोष्टी सुचवितो.

पहिली ही की, गीत शिकविताना त्याचा अर्थ सांगावा, आणि ते कोणी लिहिले तेही सांगावे. आपल्या लोकांची गीते आपल्याच भाषेत आपल्याच माणसाने लिहिली, हे मुलांस कळले म्हणजे त्यांच्या मनातील परकेपणाचा ओझा उतरतो.

दुसरी ही की, ज्या गावी ख्रिस्तायनाची वा स्मृतिचित्रांची प्रत मिळेल, तेथे ती कपाटात ठेवू नये. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी, ज्यास वाचता येते त्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. ओवी ही ऐकण्यासाठीच असते. डोळ्यांनी वाचून ती अर्धीच कळते.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमच्या मंडळीत एखादी बाई काम करताना स्वतःच रचलेले चार चरण गुणगुणत असेल. तिला लिहिता येत नसेल, आणि आपण जे म्हणतो ते कोणी ऐकण्याजोगे आहे हे तिच्या स्वप्नीही नसेल. उपदेशक बंधूंनी कागद घेऊन तिच्याजवळ बसावे आणि ते चरण उतरून घ्यावे. लक्ष्मीबाईंच्या आरंभीच्या ओळी कोणी अशाच हसण्यावारी नेल्या असत्या, तर ती पोथी आजही अपुरीच पडून राहिली असती. जे चरण असे हाती लागतील, ते आमच्याकडे पाठवावे. या पत्रात त्यांस आनंदाने जागा देऊ.